घरातले गुपित आणि पाहणीचा आकडा



आजचा विषय दिसायला रुक्ष आहे. आकडे, तक्ते आणि पाहण्या यांच्याविषयी वसंत ऋतूतल्या संध्याकाळी बोलणे म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच. परंतु ज्या आकड्यांवरून सरकार आपली कर्जे माफ करते किंवा करीत नाही, ते आकडे आपल्याच घराच्या ओसरीवर बसून लिहिलेले असतात. तेव्हा ते कसे तयार होतात आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, हा विचार धामणगावसारख्या कापसाच्या पेठेत करणे गैरवाजवी होणार नाही. प्रश्न साधा आहे. घरात जे आहे पण सांगायचे नाही, ते घरी जाऊन विचारले तर कळते काय? आणि एका वर्षी विचारले, पुन्हा दहा वर्षांनी विचारले, तर त्या दोन उत्तरांच्या तुलनेवरून ती गोष्ट वाढली की घटली हे ठरवता येते काय?

या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला वाद अमेरिकेत झाला आणि तो बंदुकांवरून झाला. शिकागोच्या एका संशोधनसंस्थेची पाहणी १९७२ पासून चालू आहे. तिचे लोक घरोघर जाऊन जे अनेक प्रश्न विचारीत आले, त्यांतला एक असा, की तुमच्या घरात बंदूक आहे काय? १९७० च्या दशकात जवळजवळ निम्मी घरे ‘आहे’ म्हणत. २०१० च्या दशकात हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले. यावरून काही विद्वानांनी निष्कर्ष काढला, की अमेरिकन माणूस बंदूक टाकीत चालला आहे. पण गॅलप ही दुसरी नामांकित संस्था टेलिफोनवरून जवळजवळ तोच प्रश्न विचारते, आणि तिच्या आकड्यांत एवढी उतरण दिसत नाही. ते चाळीस टक्क्यांच्या आसपास वरखाली होत राहतात. तिसरीकडे सरकारी दप्तर आहे. १९९८ पासून तिकडे परवानाधारक दुकानातून बंदूक घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासतात. अशा तपासण्यांची संख्या २०२० या एका वर्षात ३ कोटी ९० लाखांच्या वर गेली. एक पाहणी म्हणते बंदूकवाली घरे घटली, दुसरी म्हणते फारशी घटली नाहीत, आणि दुकानातली गर्दी तर वाढलेली! खरे कोणाचे?

तिघांचेही थोडे थोडे खरे असू शकते. एक तपासणी म्हणजे एक बंदूक नव्हे आणि एक बंदूक म्हणजे एक घर नव्हे. ज्याच्या घरी आधीच पाच आहेत तोच सहावी घेत असेल, तर विक्री वाढूनही घरे वाढणार नाहीत. दुसरीकडे, पूर्वी उघडपणे सांगणारा माणूस आता कोण्या अनोळखी माणसाला घरातल्या शस्त्राची माहिती देण्यास कचरत असेल, तर बंदूक घरातच राहील आणि फक्त कागदावरून नाहीशी होईल.

तेथील संशोधकांनी ही शंका तपासूनही पाहिली. मेम्फिस आणि सिएटल या दोन शहरांत ज्यांच्या नावावर पिस्तुलाची नोंद सरकारी दप्तरात होती अशा घरी माणसे पाठवली. या पाहणीचा वृत्तान्त १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष बोलणे झाले त्या ३५ घरांपैकी ३१ घरांनी ‘आहे’ असे सरळ सांगितले, तिघांनी अलीकडेपर्यंत होते असे सांगितले, आणि एकानेच साफ नाकारले. म्हणजे माणसे खोटीच बोलतात असे मुळीच नाही. पण हे सारे नोंदलेले मालक होते हे विसरू नये. ज्याची नोंदच नाही त्याचा खरेखोटेपणा कशाशी ताडून पाहणार? आणखी एक गंमत या अभ्यासांत आढळली. विवाहित पुरुषांना विचारले तर घरात बंदूक असल्याचे प्रमाण जास्त येते आणि विवाहित स्त्रियांना विचारले तर कमी. घरे तर त्याच तऱ्हेची! म्हणजे दार कोणी उघडले, यावरही राष्ट्राचा आकडा बदलतो.

आता यातून एक नियम काढू, कारण पुढचे सारे विवेचन त्याच्यावरच उभे आहे. समजा, एका गावात १०० घरांपैकी ५० घरांत एखादी लपवण्याजोगी वस्तू आहे. दर दहांपैकी एक घर ती लपवते. पाहणीत ४५ घरे येतील. दहा वर्षांनी वस्तू असलेली घरे ४० झाली आणि लपवण्याचे प्रमाण तेच राहिले, तर पाहणीत ३६ येतील. आकडा चुकला, पण उतरण बरोबर मिळाली. कारण खोटेपणा स्थिर होता. आता दुसरे उदाहरण घ्या. दहा वर्षांनीही घरे ५० च आहेत, परंतु या काळात एखादा कायदा झाला, लोकांना भय वाटू लागले आणि दहांपैकी चार जण लपवू लागले. पाहणीत ३० येतील. कागद सांगेल की एक तृतीयांश घट झाली. प्रत्यक्षात काहीही घटले नाही. घटला तो लोकांचा विश्वास. तेव्हा पाहणीला धोका लोकांच्या खोटेपणाचा नाही इतका त्या खोटेपणाच्या प्रमाणात होणाऱ्या बदलाचा आहे. आणि तो बदल बहुधा त्याच वेळी होतो, ज्या वेळी सरकार त्या वस्तूच्या बाबतीत काही तरी करायला निघालेले असते.

आपल्याकडे बंदुकीचा प्रश्न असा घरोघर कोणी विचारीत नाही. वर्धा नदीपलीकडे पुलगावला सैन्याच्या दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे खरे, पण आपल्या घरात बहुधा काठीच असते. १८७८ चा हत्यारांचा कायदा इंग्रजांनी केला, त्याच्या जागी १९५९ चा आपला कायदा आला. त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, आणि रानडुकरांनी व रोह्यांनी उभे पीक लोळवलेला शेतकरी तिची आठवणही काढतो. पण आपल्याला माहीत असतात ते परवाने. परवान्याची वही ही कायदा पाळणाऱ्यांची वही असते.

नदीपलीकडचे दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. पूल ओलांडला की वर्धा जिल्हा लागतो आणि तेथे १९७४ पासून दारूबंदी आहे. अलीकडच्या तीरावर ‘तुम्ही घेता काय?’ हा प्रश्न फार तर संकोचाचा आहे. पलीकडच्या तीरावर तो गुन्ह्याचा आहे. प्रश्न तोच, भाषा तीच, माणसेही एकमेकांचे सोयरे. पण उत्तराची किंमत वेगळी. बिहारमध्ये २०१६ साली दारूबंदी आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये जितके पुरुष दारू घेत असल्याचे सांगत होते, ते प्रमाण २०१९-२० च्या पाहणीत जवळजवळ निम्म्यावर आले. यातले पिणे किती कमी झाले आणि सांगणे किती कमी झाले, हे त्या एका आकड्याला विचारून कळणार नाही. दोन्ही कमी झाले असणे संभवनीय आहे.

आता आपल्या घरातल्या खऱ्या गुपिताकडे वळतो. वऱ्हाडातल्या घरात जे असते, पण सांगितले जात नाही, ते म्हणजे कर्ज.

स्वातंत्र्यानंतर लवकरच रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. श्री. गोरवाला हे तिच्या समितीचे अध्यक्ष आणि आपले धनंजयराव गाडगीळ तिचे एक सदस्य. ७५ जिल्हे, ६०० गावे आणि सव्वा लाखाहून अधिक कुटुंबे इतका तिचा पसारा होता. शेतकरी जे कर्ज काढतो त्यात सरकारचा वाटा ३.३ टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ टक्के आणि व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी, असे तिने दाखवून दिले. व्यवसायी व शेतकरी सावकारांचा मिळून वाटा ७० टक्क्यांच्या जवळ होता. या आकड्यांनी देश हलला. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती याच समितीच्या शिफारशींमुळे. एक आकडा नीट काढला तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. आणि या पाहणीचा एक मोठेपणा असा, की तिने कर्ज घेणाऱ्यांना विचारले तसे देणाऱ्यांचीही चौकशी केली. नाण्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या.

पुढे दर दहा वर्षांनी ही कर्ज व गुंतवणुकीची पाहणी होत गेली. शेतकरी कुटुंबांच्या देण्यात बँका, सोसायट्या व सरकार यांचा मिळून वाटा १९५१ मध्ये सुमारे ७ टक्के होता. तो १९६१ मध्ये १९ झाला आणि १९७१ मध्ये ३२ झाला. १९८१ मध्ये तो एकदम ६३ वर गेला. १९९१ मध्ये ६६ झाला आणि २००२ मध्ये पुन्हा ६१ वर उतरला. या साखळीतील १९७१ ते १९८१ ही उडी पाहा. शेकडो वर्षांचा सावकार एका दशकात निम्म्यावर आला!

हे खरे मानावे असे सबळ कारण आहे. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये प्रादेशिक ग्रामीण बँका निघाल्या, १९८० मध्ये आणखी ६ बँका सरकारच्या झाल्या. जेथे पूर्वी बँकेची पाटी कोणी पाहिली नव्हती अशा गावी शाखा उघडल्या. सोसायटीचे पीककर्ज वाढले. हे सारे आपण पाहिले आहे.

परंतु त्याच दशकात आणखी एक गोष्ट घडली. १९७५ च्या आणीबाणीत ग्रामीण कर्जमुक्ती हा सरकारच्या कार्यक्रमाचा भाग झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने कर्जमुक्तीचा कायदा केला. त्याने लहान शेतकरी, मजूर आणि कारागीर यांची सावकाराकडची देणी नाहीशी ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैधही ठरवला. कायद्याचा हेतू चांगला होता. पण आता कल्पना करा. १९८२ मध्ये एक प्रगणक दारात येतो आणि विचारतो, ‘सावकाराचे काही देणे आहे काय?’ शेतकऱ्याला ठाऊक असते, की जे कर्ज कायद्याने असूच शकत नाही ते आपण कबूल करीत आहोत. त्याला हेही ठाऊक असते, की पुढच्या मृगाला बियाण्यासाठी त्याच माणसाच्या ओसरीवर जायचे आहे. तो म्हणतो, ‘काही नाही जी.’ प्रगणक शून्य मांडतो.

आता हिशेब करा. एका गावाचे बँकेचे देणे १०० रुपये आणि सावकाराचे १००. खरा वाटा निम्मानिम्मा. बँकेचे सारे सांगितले गेले आणि सावकाराचे निम्मे लपले, तर पाहणीत १०० आणि ५० येतील. संस्थांचा वाटा होईल ६७ टक्के! एकही सावकार गावातून हलला नाही, तरी कागदावर बँकांनी गाव जिंकले. क्लाइव्ह बेल यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये १९८१ च्या आकड्याविषयी शंका काढली, ती अशाच विचाराने. आणि शंकेला आधारही होता. बँका व सोसायट्या यांची जी येणी त्यांच्या स्वतःच्या हिशेबवह्यांत दिसतात, त्यांहून पाहणीतून निघणारी देणी कमी भरतात. ज्या कर्जाची पावती आहे तेही माणूस पुरते सांगत नाही. मग ज्याची पावतीच नाही ते किती सांगेल?

कोणी म्हणेल, हे जुने झाले, आता पाहण्या शास्त्रशुद्ध झाल्या आहेत. तर २००३ सालाचे ऐका. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या एकाच फेरीत, त्याच वर्षी, दोन वेगळे तक्ते भरले गेले. शेतकऱ्यांच्या परिस्थितीच्या पाहणीने सांगितले, की देशातली ४८.६ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जबाजारी आहेत, महाराष्ट्रात ५४.८ टक्के. कर्ज व गुंतवणुकीच्या पाहणीने सांगितले, की शेती करणाऱ्या कुटुंबांपैकी २९.७ टक्केच कर्जबाजारी आहेत. एकच संस्था आणि एकच साल, पण पुढारी सभेत पहिला आकडा वाचील की दुसरा, यावर सारे भाषण बदलते. फरकाची कारणे आहेत. शेतकरी कुटुंब कोणाला म्हणावे याची व्याख्या दोहोंत वेगळी होती. एकीने ३० जून २००२ या ठरलेल्या दिवशी काय देणे होते ते आठवायला सांगितले, दुसरीने भेटीच्या वेळचे विचारले. आणि एका तक्त्यात कर्जाचा प्रश्न घर, जमीन, गुरे, भांडी, दागिने यांच्या लांबलचक यादीच्या शेजारी आला, तर दुसऱ्यात शेतीच्या सुखदुःखाच्या बोलण्यात आला. मालमत्तेची यादी काढणाऱ्याकडे माणूस कर वसूल करणाऱ्याच्या नजरेने पाहतो. पिकाचे कसे काय विचारणाऱ्याजवळ मन मोकळे करतो. २०१९ मध्ये पुन्हा या दोन पाहण्या झाल्या आणि अंतर कमी झाले तरी मिटले नाही. एकीत ५०.२ टक्के, दुसरीत ४०.३.

शिवाय ‘कर्ज’ हा शब्दच आपल्याकडे निसरडा आहे. सोसायटीचे ते कर्ज. कृषी केंद्रातून खत आणि औषध आणले, पैसे कापूस विकल्यावर द्यायचे, ही उधारी. मेहुण्याकडून घेतले ते हातउसने. आणि शेताचे खरेदीखत लिहून देऊन पैसे घेतले, तोंडी बोली अशी की पैसे फेडल्यावर शेत परत, तर त्याला कागद म्हणतो विक्री. प्रगणक विचारतो कर्ज किती, आणि ज्याचे अर्धे शेत दुसऱ्याच्या नावावर गेले आहे तो माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘फक्त सोसायटीचे.’ येथे खोटे कोणीच बोललेले नाही. प्रश्नच चाळणीसारखा आहे. मोठे खडे वर राहतात आणि बारीक धान्य गळून जाते.

आणि अमेरिकेतल्या नवराबायकोची गोष्ट आपल्या घरीही लागू पडते. कृषी केंद्राची उधारी घरधन्याला माहीत, घरच्या बाईला पुरती नाही. बचत गटाचा किंवा घरोघर हप्ते वसूल करणाऱ्या कंपनीचा हप्ता तिला माहीत, सासऱ्याला नाही. मुलाने मोटारसायकलसाठी काढलेले कर्ज दोघांनाही उशिरा कळते. मग ‘कुटुंबाचे कर्ज’ ज्याच्याजवळ सबंध आहे, असा माणूस त्या घरात असतोच असे नाही. दुपारी जो घरी सापडला, त्याचे उत्तर कुटुंबाचे म्हणून लिहिले जाते.

आता मुख्य मुद्दा. आकडा चुकला तर बिघडले काय? बिघडते ते असे. २००८ मध्ये केंद्र सरकारने प्रारंभी ६०,००० कोटी रुपयांची म्हणून मोठी कर्जमाफी केली. ती बँका आणि सहकारी संस्थांच्या कर्जापुरती होती, आणि पूर्ण माफीसाठी २ हेक्टरांची मर्यादा होती. आपल्या कोरडवाहू कपाशीच्या मुलखात पाच एकरांवर जमीन असणे ही श्रीमंतीची खूण नव्हे. जो सावकाराच्या देण्यात रुतला होता, त्याचे नाव कोठेच आले नाही. कागद म्हणत होता, की सावकाराचा भाग थोडा आहे.

याहून कठीण गोष्ट पुढे आहे, आणि ती जपून बोलतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला महाराष्ट्रात १ लाख रुपयांचे साहाय्य देण्याचे २००६ च्या शासननिर्णयाने ठरले. त्यासाठी कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी बँकेचे वा पतसंस्थेचे, किंवा मान्यताप्राप्त सावकाराचे असावे लागे. म्हणजे बिनपरवान्याचे कर्ज जिवंतपणी सांगण्याची सोय नाही, आणि मेल्यावर सांगून उपयोग नाही. पुढे २०१४ मध्ये महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा नवा कायदा आला. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा त्यात आहे, आणि बळकावलेली जमीन परत मिळवण्याची वाटही आहे. ही वाट अनेकांच्या उपयोगी पडण्याजोगी आहे. २०१५ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडील कर्ज सरकारने फेडण्याची योजनाही निघाली. पण पाहणीच्या दृष्टीने पाहा. परवानाधारक सावकाराचे कर्ज दाखवण्यात आता लाभ, बिनपरवान्याचे दाखवण्यात धोका. २०१३ मध्ये ग्रामीण कुटुंबांच्या देण्यात संस्थांचा वाटा ५६ टक्के होता, २०१९ मध्ये तो ६६ झाला. यात सुधारणा किती आणि सावधपणा किती? जो या वाढीचा आनंद मानतो त्याने या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, आणि जो ती सरसकट खोटी म्हणतो त्यानेही.

अमेरिकेतल्या संशोधकांना घरात बंदुका किती हे विचारून नीट कळेना, तेव्हा त्यांनी एक आडमार्ग शोधला. एखाद्या प्रांतात जेवढ्या आत्महत्या होतात त्यांतल्या किती बंदुकीने होतात, हे प्रमाण घरातल्या बंदुकांचे माप म्हणून ते वापरू लागले. कारण मृत्यूची नोंद लपत नाही. आपल्या वऱ्हाडात कर्जाचे मापही शेवटी याच वहीत शोधले गेले. अमरावती विभागात २००१ पासून शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते. दहा-दहा वर्षांच्या पाहण्यांनी जे सांगितले नाही, ते या वहीने सांगितले. म्हणूनच २००६ मध्ये पंतप्रधान नागपुरास व आपल्या भागात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना झाली, आणि १७ लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी झाली. तिच्यात मुलीचे लग्न, घरातले आजारपण असे प्रश्नही आले. ज्या प्रश्नांना माणूस खरे उत्तर देतो ते प्रश्न विचारायला फार उशिरा सुचले.

अर्थात मृत्यूच्या वहीलाही व्याख्येचा रोग लागतो. गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत २०१३ मध्ये शेतीतल्या आत्महत्या ११,७७२ होत्या. २०१४ मध्ये ‘शेतकरी’ या सदरात ५,६५० उरल्या. निम्म्याने घट! पण त्याच वर्षी शेतमजुरांचे सदर वेगळे केले गेले आणि त्यात ६,७१० आल्या. दोहोंची बेरीज केली तर १२,३६०. रकाना बदलला, घरे तीच राहिली.

मग पाहण्या बंद कराव्यात काय? मुळीच नाही. पाहणी नसेल तेथे अफवा राज्य करते. उपाय आहेत, आणि त्यांतला एक तर आपल्याच मातीत सिद्ध झाला आहे. पीक किती आले हे पूर्वी पटवारी बांधावर उभा राहून नजरेने ठरवी, तीच आणेवारी. शेतकरी कमी सांगे, सरकार जास्त धरी. १९४० च्या दशकात डॉ. पानसे आणि डॉ. सुखात्मे यांनी हा वाद वेगळ्या रीतीने सोडवला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडायची, त्यांत ठराविक मापाचा तुकडा आखायचा आणि तेवढ्यातले पीक प्रत्यक्ष काढून तोलायचे. कापसाचे असे प्रयोग अकोला जिल्ह्यात झाले. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून येते, कारण काठावरची झाडे आत धरण्याचा मोह होतो, हेही सुखात्म्यांनी दाखवले. कोणाच्या शब्दावर भिस्त न ठेवता तराजू लावला. पैसेवारीवरून आजही जी भांडणे होतात, ती पाहता हा धडा आपण पुरता गिरवला असे म्हणवत नाही.

कर्ज तराजूत घालता येत नाही, हे खरे. पण विचारण्याची रीत सुधारता येते. स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एका युक्तीचा पाया घातला. तिचे सोपे रूप सांगतो. एक हजार माणसांना एकेक नाणे द्या. प्रत्येकाने ते आडोशाला उडवावे. छाप आली तर खरे काही असो, ‘हो’ म्हणावे. काटा आला तर खरे ते सांगावे. समजा ६२० जणांनी ‘हो’ म्हटले. त्यांतले सुमारे ५०० नाण्यामुळे. उरले १२०, आणि ते खरे सांगणाऱ्या ५०० पैकी. म्हणजे बिनपरवान्याचे कर्ज शंभरात २४ जणांना आहे. कोणा एकाचेही गुपित फुटले नाही आणि गावाचा आकडा मिळाला. माणूस खोटे बोलतो ते बहुधा स्वभावाने नव्हे, धास्तीने. धास्ती काढली की तो खरे बोलतो.

दुसरा उपाय गोरवाला समितीचा. घेणाऱ्याला विचारा तसे देणाऱ्याची वही पाहा. सोसायटीचे खाते, परवानाधारक सावकारांची जिल्हा उपनिबंधकांकडची यादी, आणि दुय्यम निबंधकांकडे सुगीपूर्वी अचानक वाढणारी खरेदीखते, हे सारे एकमेकांशी ताडा. तिसरा उपाय सर्वांत साधा. प्रश्न, व्याख्या आणि तारीख वारंवार बदलू नका. आणि बदलावीच लागली तर एक वर्ष जुनी व नवी दोन्ही मापे लावा, म्हणजे दोघांतला फरक कळेल.

शेवटी आपल्याकडूनही एक गोष्ट होण्यासारखी आहे. नमुना पाहणीचा माणूस दारात येतो, तो तलाठी नसतो आणि वसुली अधिकारीही नसतो. त्याला दिलेली माहिती व्यक्तीच्या नावाने उघड करायची नाही, असे कायदा सांगतो. पण हे त्याने दारात उभे राहून आधी समजावून सांगितले पाहिजे, आणि ग्रामपंचायतीने दवंडी द्यावी तसे गावाला सांगितले पाहिजे. आणि कोणी पुढारी वा वर्तमानपत्र सांगू लागले, की सावकार संपला किंवा कर्ज दुप्पट झाले, तर आपण चार प्रश्न विचारावेत. कोणी विचारले? कोणाला विचारले? कोणत्या शब्दांत आणि कोणत्या दिवशी विचारले? आणि गेल्या पाहणीनंतर असे काय घडले, की ज्यामुळे माणूस आज खरे सांगायला भितो? चौथा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही. माझ्या मते साऱ्या हिशेबाची किल्ली त्याच्यातच आहे.